दार उघडणारा

१९७३ साली मी कल्याण स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली लागलो. थिएटराचं नाव सांगत नाही, कारण सुरुवातच माझ्या फजितीपासून करायची आहे.

तेव्हा सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमधून पोऱ्या निघायचा आणि डोक्यावर पेटी घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात चढायचा. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली करत पेटी आमच्या जिन्याशी येऊन आदळायची. एक रीळ हजार फुटांचं, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटांचं. दोन मशिनं असायची. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की मोटर चालू करायची आणि दुसऱ्या ठिपक्याला बदली मारायची. दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या कांड्या असत. त्या जळत जळत आखूड होत जायच्या आणि त्यांच्यातलं अंतर सांभाळणं हे माझं काम होतं. अंतर चुकलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून पिटातला प्रेक्षक आमच्या आईवडिलांची चौकशी सुरू करायचा.

तर एका दुपारी जुन्या पोशाखी मारधाडपटाचा खेळ होता. राजा कैदेत, वजीर सिंहासनावर, राजपुत्र जंगलात. तेराव्या रिळात वजीर बुरुजावरून खाली पडून मरतो. मी तेरावं आधी लावलं आणि मग बारावं. वजीर मेला, ठिपका आला, मी बदली मारली, आणि वजीर तंबूत मांडी घालून सरदारांशी मसलत करू लागला! माझे हातपाय गार पडले. पण खालून काय आलं असेल? टाळ्या आणि शिट्ट्या. "परत आला रे!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळं पिट हसलं. तिकिटाचे पैसे कुणी परत मागितले नाहीत. माझा ऑपरेटर, त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो, त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली आणि म्हणाला, "हीरोचं रीळ चुकवलं असतंस, तर खुर्च्या मोडल्या असत्या."

पुढे तीसेक वर्षं मी त्या चौकोनी झरोक्यातून खाली पाहत राहिलो. ऑपरेटरला सिनेमा कमी दिसतो, डोकी जास्त दिसतात. हीरो गाणं म्हणू लागला की डोकी हलायची, दारं करकरायची, बाहेर विडीची ठिणगी दिसायची. खलपुरुष बोलू लागला की डोकी जागच्या जागी. पहिल्या पाळीवरून सुटलेले शहाडच्या सेंच्युरी रेयॉनचे आणि आंबिवलीच्या एनआरसीचे कामगार, रेल्वेचे खलाशी, खाडीकाठच्या गावांतून आलेली मंडळी, सगळ्यांच्या माना एकाच कोनात. चांगल्याचा जय होणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असायचं. पाहायचं असायचं ते वाईट कुठून आत शिरलं हे.

मॅटिनी आणि संध्याकाळच्या खेळाच्या मधल्या वेळात मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचो. १८६४ सालचं वाचनालय. तिथे वाचता वाचता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडच्या जुन्या साहसपटांतला खलपुरुष सहसा बाहेरून चाल करून येत नाही. तो आधीपासून घरात असतो. राजाच्या दरबारात, देवळाच्या गाभाऱ्यात, किल्ल्याच्या दारावर. मराठीत त्याला एक शब्द आहे, फितूर. अर्थ सगळ्यांना माहीत असतो, फक्त बोट प्रत्येकाचं वेगळ्या माणसाकडे असतं.

कीचकापासूनच पाहा. कीचक हा काही परचक्र घेऊन आलेला राक्षस नव्हे. विराटाच्या राणीचा भाऊ, म्हणजे घरातला मेहुणा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीच्या जागी देश, आणि खाली मान घालून बसलेल्या धर्मराजात नेमस्त पुढारी. भीम कोण, हे सांगायची गरजच नव्हती. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि १९१० मध्ये सरकारनं 'कीचकवध'वर बंदी आणली. त्याच वर्षी १९ एप्रिलला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. कुठे? आमच्या ठाण्याच्या तुरुंगात. नाटकातला खलपुरुष कोण, हे ठरवायचा अधिकार आपला आहे असं सरकारला वाटत होतं, आणि प्रेक्षकाला वाटत होतं की तो आपला आहे. त्या भांडणाचा निकाल ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका भिंतीआड लागला. त्या भिंतीची गोष्ट पुढे परत येणार आहे.

दहा वर्षांनी बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात तोच कीचक पडद्यावर आणला. 'सैरंध्री', १९२०. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं वाटलं की बायका घेरी येऊन पडल्या आणि तो तुकडा कापावा लागला, असं सांगतात. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच दिवसांत. तीन वर्षांनी पेंटरांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला. त्याला एवढी झुंबड उडाली की तीच पाहून सरकारला करमणूक कर सुचला, असं आमच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जायचं. खरं-खोटं सरकार जाणे. पण तिकिटावर कराचा आकडा वाचताना आमचा बुकिंग क्लार्क तानाजीला नमस्कार करायचा, एवढं मी पाहिलेलं आहे.

फाळक्यांबद्दल एकच सांगतो. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके यांनी एकट्यानं केली. म्हणजे त्या लंकेत एकाच नटानं सीतेच्या वेशात अशोकवनात बसायचं आणि रामाच्या वेशात तिच्या सुटकेला यायचं. चांगल्याच्या बाजूला माणसांची टंचाई तेव्हापासूनची आहे, असं उस्ताद म्हणायचा.

बोलपट आले आणि प्रभातनं १९३४ मध्ये पुण्याला आल्यावर पहिला चित्रपट काढला तो 'अमृतमंथन'. राजा नरबळी आणि पशुबळी बंद करतो, तर राजगुरू राजाच्याच खुनाचा घाट घालतो. मराठीत हा राजगुरू केशवराव दात्यांनी केला, हिंदीत चंद्रमोहननं. चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा आमच्या धंद्यातल्या म्हाताऱ्या ऑपरेटरांना शेवटपर्यंत आठवायचा. आता हा राजगुरू कोण? परका नाही, शत्रूही नाही. ज्याच्या पायावर राजा रोज डोकं ठेवतो तोच.

पण कल्याणकराला खरा आपला वाटावा असा सिनेमा वाडिया मूव्हीटोनचा. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हंटरवाली'नं नादियाला घराघरांत नेलं. मूळची मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, हातात चाबूक आणि डोळ्यांवर बुरखा. तिच्याही राज्यात राजाला कैद करणारा वजीरच. १९३६ साली होमी वाडियांनी 'मिस फ्रंटियर मेल' काढला, त्यात नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते. १ मे १८५४ पासून जिथे रेल्वे आहे, जिथे घड्याळ लोकलच्या वेळेवर लावतात, त्या गावात टपावरची मारामारी म्हणजे घरची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, रेल्वेतच होते. त्यांनी हा सिनेमा तरुणपणी पाहिला होता आणि त्यांचं मत एकच होतं. गाडी त्या वेगात असताना उभं राहता येत नाही, पण बाईचा तोल चांगला आहे. या सिनेमात रेल्वेवर घात करणारा गूढ माणूस शेवटी निघतो कोण, तर स्टेशनमास्तरच्या घरातलाच. नानांना याचं आश्चर्य वाटलं नव्हतं. स्टेशनमास्तर आणि त्याचे नातेवाईक यांच्याबद्दल त्यांचा स्वतंत्र अभ्यास होता.

भालजी पेंढारकरांचे चित्रपट आमच्याकडे जुने झाले तरी फिरून फिरून यायचे. 'छत्रपती शिवाजी', 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा'. शेवटच्या दोन्ही चित्रपटांचं संगीत 'आनंदघन' या नावानं लता मंगेशकरांचं. त्या रिळांवर इतके सांधे असायचे की बोटांना सोल्युशनचा वास रात्रभर राहायचा. मशालींचा उजेड, तलवारीचा खणखणाट, आणि मग अंधारात एक घोंगडी पांघरलेला माणूस हळूच दिंडी दरवाजाकडे जायला लागला की पिटात कुणीतरी दात-ओठ खाऊन पुटपुटायचं, "सूर्याजी पिसाळ आला." पडद्यावर जो कुणी असेल त्याचं नाव दुसरंच असायचं. १६८९ मध्ये रायगड फितुरीनं पडला असं सांगतात, त्या वेळचं हे नाव आमच्या भाषेत विशेषनाम उरलेलंच नाही. शाळेत पोरगा मास्तरांना चुगली सांगतो, तोही सूर्याजी पिसाळ. मोगलांच्या एकाही सरदाराला हा मान मिळालेला नाही. शायिस्तेखानाची आपण गंमत करतो, औरंगजेबाची भीती सांगतो, पण शिवी म्हणून वापरतो ते घरच्या माणसाचं नाव.

भालजींच्या स्वतःच्या घरावर जे आलं तेही बाहेरच्यांकडून नव्हे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापूरचा त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जाळणारे कुणी परदेशातून आले नव्हते. ते त्याच गावातले, कदाचित त्यांचेच सिनेमे पाहिलेले. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि पुन्हा मावळे घोड्यावर बसवले.

आता ती भिंत. ठाण्याचा तुरुंग म्हणजे मुळात पोर्तुगिजांचा किल्ला. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं ठाणं घेतलं आणि दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये वसई पडली. या मोहिमेवर कुणी सिनेमा काढायचा म्हटला तर हीरो चिमाजी अप्पा हे उघड आहे. पण वाचनालयात 'साष्टीची बखर' हाताला लागली आणि मला तिसराच माणूस भेटला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ. फिरंग्यांच्या मुलखाला लागून राहणारी ही मंडळी. फिरंग्यांच्या जाचाला कंटाळून यांनी पुण्याशी संधान बांधलं, खबरा पुरवल्या, वाटा दाखवल्या, माणसं फोडली. कुठे ओहोटीला खाडी उतरता येते, कुठे पहारा ढिला असतो, हे पुण्याहून आलेल्या सरदाराला कसं कळणार? ते काठावरच्या माणसालाच ठाऊक.

मी ते वाचून संध्याकाळच्या खेळाला वर गेलो आणि कार्बन जुळवता जुळवता माझ्या डोक्यात आलं, की हाच माणूस लिस्बनच्या थिएटरात दाखवला तर घोंगडी पांघरून दिंडी दरवाजाकडे जाणारा असेल. आणि आपल्या थिएटरात तो मशाल धरून हीरोच्या पुढे चालेल. काम तेच, दार उघडायचं. फरक एवढाच की कॅमेरा दाराच्या आत ठेवलाय की बाहेर. मी अंजूरकरांना फितूर म्हणत नाही. माझं घराणं त्याच खाडीच्या अलीकडचं, आणि मला त्यांचा अभिमानच आहे. पण ज्या बोटानं आपण पडदा भरून एखाद्याला सूर्याजी म्हणतो ते बोट किती सोपं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नेताजी पालकरांचं उदाहरण तर याहून अवघड. भालजींनी १९३९ साली त्यांच्या नावानं चित्रपट काढला. हा माणूस शिवाजी महाराजांना सोडून गेला, बाटला, औरंगजेबानं त्याला पार अफगाणिस्तानच्या बाजूला धाडला, आणि दहा वर्षांनी १६७६ मध्ये तो परत आला तर महाराजांनी त्याला पुन्हा आपल्यात घेतला. पिटाला हे सांगून पाहा. पिट विचारेल, शिट्टी वाजवायची की नाही ते सांगा.

रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागायचे. 'गन्स ऑफ नॅव्हरोन', आणि त्याहून जास्त वेळा 'मॅकेनाज गोल्ड'. त्याच्या प्रती इतक्या फिरल्या की पडद्यावर कायम पाऊस पडत असायचा. त्या सिनेमात सोन्याच्या मागे निघालेला प्रत्येकजण दुसऱ्याला फसवतो. फौजी फसवतो, गावातले प्रतिष्ठित फसवतात, दरोडेखोर तर फसवतोच. आमच्या पिटाला भाषा कळत नव्हती, पण एवढे सगळे सूर्याजी एकत्र पाहून त्याला मोठी मौज वाटायची. शेवटी डोंगर कोसळतो आणि ग्रेगरी पेक घोड्यावर बसून निघून जातो. खोगिराच्या पिशव्यांत सोनं भरलंय हे त्याला ठाऊकच नसतं. दर रविवारी, न चुकता, कुणीतरी खुर्चीवर उभं राहून ओरडायचं, "अरे येड्या, पिशवी बघ!"

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला आला तेव्हा देशात आणीबाणी होती. सत्तर मिलिमीटरचं वैभव मुंबईत मिनर्व्हाला, आमच्या वाट्याला पस्तीस मिलिमीटरची प्रत. मूळ चित्रपटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते चाललं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात कसा घेईल? म्हणून ऐन वेळेला पोलीस येतात आणि गब्बरला धरून नेतात, असा शेवट जोडला. १९१० साली खलपुरुष कोण हे सरकारला ठरवायचं होतं, आता त्याला मारायचं कुणी हे ठरवायचं होतं. त्या शेवटाला पिटातून मी कधीही टाळी ऐकली नाही. लोक चपला शोधायला लागायचे.

पण 'शोले'नं एक मोठा बदल केला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्यात घरभेदी नाही. गब्बर डोंगरातून येतो, धान्य मागतो आणि जातो. रामगडात त्याला आतून सामील असलेला कुणी नाही. सगळ्या सिनेमात एकच खबऱ्या आहे, तुरुंगातला हरिराम न्हावी, आणि तो हसवण्यासाठी आहे! सूर्याजी पिसाळाचं विनोदी पात्र झालं. पोरांना गब्बर व्हायचं होतं. त्याचे संवाद तबकडीवर मिळत होते, बिस्किटाच्या जाहिरातीतही तोच. ज्या खलपुरुषाकडे आपलं दार उघडणारा कुणी नाही, त्याच्यावर प्रेम करायला मोकळीक असते.

आणि त्याच १९७५ मध्ये 'सामना' आला. त्यातले निळू फुल्यांचे हिंदुराव पाहताना माझ्या पिटात एकही शिट्टी नाही. साखर कारखाना, सोसायटी, मोटार, आदरानं उठून उभी राहणारी माणसं. हा खलपुरुष कुठल्या दारातून आत आला म्हणून विचारायचीही सोय नव्हती. दार, वाडा, गाव सगळं त्याचंच. फुले खऱ्या आयुष्यात राष्ट्र सेवा दलातले, अतिशय मऊ माणूस. पण पडद्यावरच्या कामांमुळे बायका त्यांना तोंडावर शिव्याशाप द्यायच्या.

महेश कोठाऱ्यांच्या 'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाळ १९९० सालचा. पोरांना प्रचंड आवडला, मलाही. मुखवटा असल्यानं तो घरचा की बाहेरचा हा प्रश्नच शेवटपर्यंत लांबवता आला. 'झपाटलेला'तला तात्या विंचू तर रामदास पाध्यांच्या हातचा बाहुला. तोपर्यंत पिट विरळ झालं होतं.

पुढचं भरभर सांगतो. ठाण्याच्या वंदना टॉकीजचं नाव एसटीच्या थांब्यापुरतं लोकांच्या तोंडी उरलं. मल्हार म्हणजे बसचा स्टॉप, असं माझ्या नातवाला वाटतं. डोंबिवलीत लोक गोपी टॉकीजच्या नावानं रिक्षा करतात. कार्बन गेले, झेनॉनचे दिवे आले, मग रीळच गेलं. माझं लायसन्स कपाटात आहे. २०२२ साली 'धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे' पाहायला मी मॉलमधल्या थिएटरात गेलो. मे महिन्यात तो लागला आणि जूनमध्ये शिवसेना फुटल्यावर ठाण्याच्या चौकाचौकांत 'गद्दार' हा शब्द ऐकू येऊ लागला, दोन्ही बाजूंनी आणि तितक्याच जोरात. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो, की कॅमेरा कुठे ठेवायचा यावर शहरं भांडतात हे मला नवीन नव्हतं.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला डोंबिवलीच्या बाजारातून कारेटं आणली. नातवानं पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्यानं ते फोडलं, कडू बी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. नरकासुर संपला. मग तो खाली इमारतीच्या आवारात किल्ल्याकडे पळाला. पोरांनी गोणपाट आणि माती लावून झकास किल्ला केला होता. हळीव पेरलेले, गुहा, टाकं, वर सिंहासनावर महाराज. फडके रोडवरच्या गाड्यावर चित्रं घ्यायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. मावळे, तोफा, गवळण, भाजीवाली, विठोबा, हवालदारसुद्धा. शत्रूचं चित्र काही दिसलं नाही. विकणाऱ्या बाईला विचारलं तर म्हणाली, "ते कोण घेतंय आजोबा?"

किल्ल्याच्या मागच्या बाजूला, चोरदरवाज्यापाशी, एक मावळा एकटाच ठेवला होता. गेल्या वर्षीचा, रंग उडालेला, तलवार मोडलेली. मी नातवाला विचारलं, हा इथे कसा? पहाऱ्याला का?

"नाही," तो म्हणाला. "हा दार उघडतो."

कुणासाठी, ते त्यांचं अजून ठरायचं होतं.